बेरीज १२, शेरा ‘सौम्य’

“कागदावर त्रास सौम्य आला, मग मलाच तो का सोसवत नाही?” कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात समुपदेशन करताना पन्नाशीच्या आसपासच्या चिनी स्त्रियांकडून रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या काळातील त्रासाबाबत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

चेनबाई (नाव व तपशील बदलले आहेत) ग्वांगझूला आईकडे गेल्या असता तेथील रुग्णालयात त्यांच्याकडून रजोनिवृत्तीच्या त्रासाचा कुपरमन तक्ता भरून घेण्यात आला. बेरीज १२ आली. चीनमध्ये रूढ असलेल्या वर्गवारीत ७ ते १५ गुण म्हणजे सौम्य त्रास. “मी उगाच बाऊ करते असे मुलीला वाटते,” त्या म्हणाल्या, “आणि आता मलाही तसेच वाटू लागले आहे.”

आम्ही तो तक्ता एकेक ओळ करून वाचला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९५३ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण देऊन त्यांना ठरावीक भाराने गुणतात. गरम वाफा (अंगात अचानक उसळणारी उष्णता) आणि घाम यांचा भार ४, निद्रानाशाचा २, तर सांधेदुखी आणि थकवा यांचा प्रत्येकी फक्त १. चेनबाईंना वाफा येतच नव्हत्या. झोप, सांधे आणि थकवा या तिन्हींपुढे मात्र सर्वाधिक ३ चा आकडा होता. म्हणजे ६, ३ आणि ३ मिळून १२. तिन्ही त्रास टोकाला गेलेले असूनही शेरा सौम्यच राहिला, कारण हे भार डॉक्टरांच्या मताने ठरलेले आहेत आणि त्यांत वाफांना सर्वांत मोठे स्थान आहे. पण याच ओकलंड परिसरातील चिनी वंशाच्या स्त्रिया १९९६ पासून ३,३०२ स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सहभागी होत्या आणि वाफांची तक्रार त्यांच्यात गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी आढळली.

हिशेब समजला, तरी त्यांच्या मनावरचे ओझे उतरले नाही. पुढच्या एका भेटीत मी त्रास किती आहे हे विचारणे सोडून दिले आणि विचारले, “या दुखण्यामुळे गेल्या आठवड्यात काय करायचे राहून गेले?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “जियाओझीच्या, म्हणजे आमच्या मोमोसारख्या पदार्थाच्या पाऱ्या. दर रविवारी मी लाटते. सकाळी बोटेच वळत नाहीत. मी तयार पाऱ्या विकत आणल्या आणि घरात कुणाला कळू दिले नाही.”

“मग?”

“मग न्हाणीघरात जाऊन रडले.”

“तक्त्यात उदासीपुढे शून्य आहे.”

“खुणा मुलगी करत होती. तिच्यासमोर काय सांगणार?”

त्या क्षणी मला जे उमगले, ते माझ्या कामातील मोलाचे संचित आहे असे मी मानते. प्रश्नावलीतील आकडा केवळ शरीराचा नसतो. तो भरताना शेजारी कोण बसले होते, याचाही असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारावर माझी श्रद्धा आहे आणि आपले म्हणणे कुणी न तोलता ऐकते आहे असे वाटल्यावरच माणूस स्वतःशी खरे बोलतो, हे मी येथे पुन्हा अनुभवले. चेनबाईंनी तोच तक्ता एकटीने भरला, तेव्हा अस्वस्थता आणि उदासी यांपुढे प्रत्येकी २ आले, त्यांच्या अनुक्रमे २ आणि १ या भारांनी ६ गुण वाढले आणि बेरीज १८ झाली. हा त्रास मध्यम वर्गात मोडतो.

म्हणून माझे सांगणे असे की, प्रश्नावली शक्यतो एकटीने आणि आपल्या भाषेत भरावी. एकूण बेरजेवर न थांबता डॉक्टरांना प्रत्येक लक्षण वेगळे दाखवावे आणि त्यापायी कोणते काम थांबले तेही लिहून न्यावे. रजोनिवृत्तीचा त्रास मोजणारी ग्रीन यांची २१ प्रश्नांची श्रेणी मला अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात चिंता, उदासी, शारीरिक तक्रारी आणि वाफा यांचे गुण वेगवेगळे निघतात. थकव्यासाठी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, कारण प्रत्येक थकवा पाळी जाण्याचा नसतो. पाळी थांबून १२ महिने झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

चेनबाईंच्या डॉक्टरांनी नवा तक्ता पाहून उपचारांची सुरुवात झोपेपासून केली. सांधे अजून दुखतात. पाऱ्या आता मुलगी लाटते आणि सारण चेनबाई भरतात.