‘डॅम्पिंग’चा ओलाव्याशी काडीचाही संबंध नाही

प्रश्न असा आहे: ट्रॅकवर उतरण्यापूर्वी बाइकचं सस्पेन्शन ‘कडक करून घ्या’ म्हणतात, म्हणजे प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच दिलेला दाब) वाढवायचा का? आणि डॅम्पिंगला, म्हणजे स्प्रिंगचं हेलकावणं आवरण्याला, मराठीत ‘दमन’ म्हटलेलं चालेल का?

‘कडक’ हा शब्द या संदर्भात आता ऐकवत नाही. स्प्रिंग, प्रीलोड आणि डॅम्पिंग अशा तीन निराळ्या गोष्टी त्यात कोंबल्या जातात. स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ. प्रीलोडचा नट कितीही पिळा, सरळ दराच्या (प्रत्येक मिलिमीटरला सारखंच बळ मागणाऱ्या) स्प्रिंगचा हा आकडा हलत नाही. 10 न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग आधीच 10 मिलिमीटर दाबून बसवली, तर ती हलायला सुरुवातीला 100 न्यूटन मागते, इतकंच. पुढचा प्रत्येक मिलिमीटर पुन्हा 10 न्यूटनमध्येच मिळतो. बदलते ती बाइकची उंची, आणि स्वार बसल्यावर ती किती खाली बसते ते, म्हणजे सॅग. ट्रॅकसाठी पुढच्या चाकाकडचा सॅग साधारण 30 ते 35 मिलिमीटर ठेवतात. ‘स्प्रिंग कडक केली’ असं म्हणायचा हक्क स्प्रिंग बदलली तरच.

आता डॅम्पिंग. फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्यांत) तेल असतं म्हणून ‘डॅम्प’ म्हणजे ओलसर, ही व्युत्पत्ती फार जण ठामपणे सांगतात. साफ चूक. इंग्रजीत हा शब्द आला तो वाफ, विषारी धूर या अर्थाने; ओलसरपणाचा अर्थ पुष्कळ उशिराचा. खाणीतल्या घातक वायूंना अजून फायरडॅम्प, चोकडॅम्प म्हणतात. चोकडॅम्पमध्ये दिवा गुदमरून विझतो, म्हणून ‘डॅम्प करणं’ म्हणजे कोंडणं, विझवणं, आणि त्यावरून आवाज किंवा कंप मारणं. जर्मन ‘डाम्फ’ म्हणजे आजही वाफच, आणि शॉकअपला जर्मन शब्द ‘श्टोसडेम्फर’, धक्क्याचा जोर मारणारा. (‘अ‍ॅब्सॉर्बर’पेक्षा हे नाव कितीतरी नेमकं. धक्का झेलते स्प्रिंग. डॅम्पर तिची हालचाल तेलात उष्णता करून संपवतो.)

आणि मूळ? भाषाशास्त्रज्ञ पोकोर्नी यांच्या 1959च्या इंडो-युरोपीय शब्दमुळांच्या कोशात ‘डाम्फ’ ज्या मुळाखाली येतो, त्याच मुळाखाली संस्कृत ‘धमति’, म्हणजे फुंकतो, आणि फारसी ‘दमीदन’ही आहेत. फारसीतला ‘दम’ म्हणजे श्वास, तोच आपला: दम लागणे, दम कोंडणे, दमा. म्हणजे डॅम्पिंग आणि ‘दम कोंडणे’ एकाच घरातले! अलीकडचे काही भाषाशास्त्रज्ञ ‘धमति’ला वेगळं मूळ देतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. फुंकर, वाफ, धूर हा अर्थांचा ओघ इतका सलग आहे की तो मधेच तोडायला सबळ कारण हवं.

‘दमन’ मात्र नको. ते सुचवणारे पंडित नुसत्या नादाला भुलले आहेत. संस्कृत ‘द’ला इंग्रजीत ‘ट’ भेटतो: दश–टेन, दंत–टूथ, द्वि–टू. म्हणून वश करणारा ‘दम्’ धातू इंग्रजी ‘टेम’चा भाऊ आहे, ‘डॅम्प’चा नव्हे. ‘ड’ भेटतो तो ‘ध’ला: धा–डू, विधवा–विडो. श्वासाचा ‘दम’ फारसीतून आला आणि इराणी भाषांत ‘ध’चा ‘द’ होतो, म्हणून आपल्याकडे दोन वेगळे ‘दम’ एकाच वेशात फिरतात. एवढा नियम न पाहता परिभाषा घडवायला बसणं हा भाषेवर अन्याय आहे. ‘अवमंदन’ शब्द आहे, तो वापरा.

रिबाउंडला, म्हणजे दबलेल्या स्प्रिंगच्या परत वर येण्याला, ‘उसळी’ छान बसतो. उसळीचं अवमंदन फार झालं की फोर्क पुढच्या खड्ड्याआधी पूर्ण वर येऊच शकत नाही. लागोपाठच्या खड्ड्यांत तो खाली खालीच बसत जातो आणि चाक दगडासारखं आदळतं. दुरून पाहणारा म्हणतो ‘कडक झालंय’, आणि स्प्रिंगला दोष देतो.

‘क्लिक वाढवले’ हेही बंद करा. अवमंदन कमी-जास्त करायचा स्क्रू टप्प्याटप्प्याने ‘क्लिक’ करत फिरतो; तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन तिथून बाहेरचे क्लिक मोजतात, म्हणजे क्लिक जास्त तितकं अवमंदन कमी. ‘दोन क्लिक आत’ किंवा ‘दोन क्लिक बाहेर’ असंच म्हणावं.