शहराचं नाव, पण क्रियापद?

प्रश्न : मी शांघायच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ‘टू शांघाय’ म्हणजे जबरदस्तीने कामाला जुंपणं, हे वाचून एक मुलगी हिरमुसली. तिला काय सांगू?

उत्तर : ताई, यात तिच्या गावाचा काडीचाही दोष नाही, हे आधी सांगा. हे पाप सॅन फ्रान्सिस्कोसारख्या अमेरिकन बंदरांचं. १८४९च्या सुमारास सोन्याच्या नादात खलाशी तिथे जहाजं सोडून पळू लागले. मग दलाल दारूत गुंगीचं औषध घालून माणसं बेशुद्ध करत, तशीच जहाजावर चढवत आणि कप्तानाकडून माणशी पैसे घेत. शुद्धीवर येईपर्यंत किनारा दिसेनासा झालेला! शांघाय हे लांबच्या सफरीचं बंदर, म्हणून त्याचं नाव चिकटलं. १९१५च्या अमेरिकी खलाशी कायद्याने या धंद्याला चाप बसला.