मार्कांवर पैसे देताय? आधी एवढं बघा

भावा, तालमीतर्फे पोरांना रोख बक्षीस द्यायचं ठरवलंस, एक नंबर. पण नव्वद टक्केवाल्याला पाकीट आणि स्टेजवर फोटो, एवढ्यावर थांबू नको. तो तसाही अभ्यास करणारच. अमेरिकेत रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञांनी शाळेतल्या पोरांना पैसे देऊन हे करून पाहिलंय. न्यूयॉर्कात परीक्षेच्या मार्कांवर पैसे दिले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये एक पुस्तक वाचून त्यावरची चाचणी पास झाली की 2 डॉलर; तिथं इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या पोरांचं वाचन सुधारलं.

म्हणून सुरुवातीला:
- वाचन, हजेरी, रोजचा सराव यांवर दे.
- पस्तीसवरून पन्नासवर आलेल्यालाही दे.
- रक्कम लहान, पण लगेच. ‘गणपतीच्या वर्गणीतून उरलं तर बघू’ असलं नको.

पाकीट पोराच्याच हातात, बापाच्या नको. ट्रस्ट, शिष्यवृत्ती वगैरे पुढच्या वर्षी बघू.