ढकललं एकीकडे, कण चालला भलतीकडे

प्रश्न: खड्ड्याखड्ड्यांच्या नक्षीवरून कोलॉइडचे (म्हणजे पाण्यासारख्या द्रवात विखरून राहणारे) बारीक कण ओढले तर ते जोराच्या दिशेने न जाता वाकडे जातात असं वाचलं. पाण्यात तर ढकलू तिकडेच जायला हवेत ना? आणि कण एकच असो की हजारो, फरक पडतो का?

उत्तर: सपाट काचेवर तुमचंच बरोबर. एखाद-दोन मायक्रॉनच्या कणाला पाण्यात स्वतःचा वेग टिकवताच येत नाही, जोर काढला की मायक्रोसेकंदाच्या आसपास खेळ खल्लास, म्हणजे प्रत्येक क्षणी तो त्या क्षणाच्या जोराचंच ऐकतो. मेख इथेच आहे, कारण नक्षी असली की जोर फक्त तुमचा नसतो, शेजारचा खड्डाही त्याला ओढत असतो.

2002 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रिअर आणि सहकाऱ्यांनी लेझरचा एक झोत होलोग्रामने (प्रकाश हवा तसा वाटून देणाऱ्या नक्षीने) फोडून छोट्या छोट्या सापळ्यांची, म्हणजे कणाला खड्ड्यासारखं ओढून धरणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यांची, चौकोनी जाळी केली आणि तिच्यावरून कण प्रवाहाबरोबर सोडले. प्रवाह सापळ्यांच्या रांगेला थोडा तिरका असला तरी कण रांग सोडत नव्हते, या सापळ्यातून त्या सापळ्यात उड्या मारत सरळ रांगेनेच जायचे! कारण साधं आहे, जोराचा आडवा भाग जेवढा बाहेर ढकलतो त्याहून पुढचा सापळा जास्त आत खेचतो. तिरकेपणा वाढवत नेला की एका मर्यादेला कण रांगेतून सुटतो आणि मग बऱ्याचदा 45 अंशाच्या कर्णाला चिकटतो. म्हणून जोराचा कोन आणि कणाचा कोन यांचा ग्राफ काढला तर सरळ रेषा येत नाही, पायऱ्या येतात.

अर्थात जोर बेताचा हवा. फार कमी असेल तर कण खड्ड्यातच थरथरत बसतो, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्याने कधीतरी एखादी उडी, बस. फार जास्त असेल तर नक्षीला विचारतो कोण, सुसाट सरळ.

कुठल्या साइजचा कण नक्षीला किती जुमानतो हे वेगवेगळं असल्याने यातून कण वेगळे करता येतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी खड्ड्यांऐवजी खांबांची जराशी तिरकी रांग वापरली, तिथलं गणित थोडं वेगळं आहे, मोठा कण दर खांबाला आपटून बाजूला सरकत जातो आणि छोटा प्रवाहाबरोबर नागमोडी निघून जातो. रक्तातल्या पेशी वेगळ्या करायलाही ही युक्ती वापरतात.

आता हजारो कणांचं. फरक पडतो, आणि मला तरी हाच भाग जास्त भारी वाटतो. कणांचा दाट थर असेल आणि कणांमधलं अंतर खड्ड्यांच्या अंतराशी जुळत असेल तर थर घट्ट अडकतो, आणि हलला तरी सगळा एकदम हलत नाही. गालिचा ओढण्याऐवजी त्यात चुणी पाडून ती पुढे ढकलावी तसं होतं, दाटीचा एक पट्टा थरातून पळत जातो आणि तो गेला की त्या जागचे कण एकेक घर पुढे सरकलेले असतात. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या बेखिंगर या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने 2012 मध्ये हे प्रत्यक्ष दाखवलं. अंतरं जुळली नाहीत तर उलटं, प्रत्येक कण आपापल्या खड्ड्यात वेगळ्या ठिकाणी, कुणी चढावर कुणी उतारावर, सगळ्यांची ओढ एकमेकांना खाऊन टाकते आणि थर अगदी कमी जोरातही सरकतो. दोन घन पृष्ठभागांमधल्या घर्षणातही अणू असंच काहीसं करतात, पण तिथे एकेक अणू सरकताना बघणार कसा, इथे मात्र मायक्रोस्कोपखाली एकेक कण मोजता येतो.