सेंटांच्या टेबलवर खेळून पोकर खरंच सुधारतो का, की वाईट सवयी लागतात?

सुधारतो. माझा सुधारलाय. या प्रश्नावर माझं आणि माझ्या साडूंचं तीन वर्षं वाजतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. दर शनिवारी मित्राच्या बेसमेंटमध्ये बसतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना लावावीच लागणारी रक्कम, १० आणि २० सेंट, प्रत्येकी २० डॉलर घेऊन. साडू अटलांटिक सिटीला २-५ डॉलर ब्लाइंडच्या टेबलवर बसतात. गणपतीच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाले, "दहा सेंटचा पोकर म्हणजे भातुकली."

आता एक डाव सांगतो. माझ्याकडे इस्पिकची सत्ती-अठ्ठी. पाच जण आत, पॉट, म्हणजे मधला ढीग, ४ डॉलर. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, राजा, चौका, दुर्री. त्यातले राजा आणि दुर्री इस्पिक. मुलाकडे राहायला आलेले एक काका होते, महिन्यापूर्वीच खेळ शिकलेले. त्यांनी २ लावले, बाकीचे गेले. आणखी एक इस्पिक आलं की माझा पाच इस्पिकचा फ्लश होणार, त्याचे पाठ केलेले ३५ टक्के माझ्या डोक्यात. पण ते एकदाच पैसे भरून दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर. पुढच्या एका पत्त्यावर ४७ पैकी ९ इस्पिक, म्हणजे पाचात एकदासुद्धा नाही, आणि ८ च्या पॉटसाठी २ भरायचे तर मला चारात एकदा जमायला हवं होतं. भरले. टर्न (चौथा पत्ता) कोरा, म्हणजे इस्पिक नाही, काकांनी ४ लावले. तेही भरले. इथवर चालेल, कारण इस्पिक आलं असतं तर काकांनी पुढे पैसे दिले असतेच. रिव्हरही (पाचवा, शेवटचा पत्ता) कोरा. हाती काहीच नसताना मी उरलेले १३ पुढे सरकवले, ब्लफ म्हणून.

काकांनी चष्मा वर केला, पत्ते पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "बघू दे रे तुझ्याकडे काय आहे." त्यांच्याकडे राजा-पंजी.

राजाची जोडी सोडायची असते हे ज्याला माहीतच नाही, त्याच्यापुढे ब्लफ मारायचा नाही. हे मी वाचलं होतं. कळलं त्या रात्री, २० डॉलरला. २-५ वर हाच डाव शंभर मोठ्या ब्लाइंडच्या हिशेबाने ५०० ला पडतो. साडू तिथे हेच शिकतायत, फक्त पंचवीसपट पैसे देऊन.

घरी येऊन तो डाव वहीत लिहिला. तेव्हापासून प्रत्येक शनिवारचे दोन-तीन डाव लिहितो: पॉट किती, मी काय केलं, का केलं. लहान टेबलवर एवढंच करा. चांगले पत्ते आले की मोठं लावा, लोक कॉल करतातच, म्हणजे तेवढेच पैसे भरून बघतात. ब्लफ जवळजवळ बंद.

तुमची वाईट सवयींची भीती अगदीच खोटी नाही. २० डॉलर गेल्याचं काहीच वाटत नसेल तर हात ढिला पडतो. रक्कम थोडी टोचेल एवढी ठेवा. वर चढलात की ब्लफ पुन्हा शिकावा लागतो, हेही खरं. कसिनोत लहान टेबलवर रेक, म्हणजे पॉटमधून कापला जाणारा कसिनोचा वाटा, फार खातो, घरी तो नसतो. आणि भारतात असाल तर ऑनलाइन पैसे लावायचा विचारही करू नका, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केलाय. आमच्याकडे न्यू जर्सीत परवान्याच्या साइट २०१३ पासून आहेत.

साडूंकडे वर्षाचा हिशेब मागितला की ते फक्त जिंकलेल्या रात्री सांगतात. मी माझी वही दोनदा त्यांच्याकडे घेऊन गेलो. दोन्ही वेळा त्यांनी ती उघडली नाही.