पहिली काही वर्षं लेबर कोर्टात काढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कामगार कायद्यातच वकिली करायची असं तू ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. या बाजूला येणारे तरुण वकील फार थोडे आहेत. पण पत्रात पुढे तू लिहिलं आहेस की आपल्या क्षेत्रातला खरा कायदा हायकोर्टात घडतो, म्हणून लेबर कोर्टात वर्षं न घालवता थेट हायकोर्टातल्या एखाद्या चेंबरमध्ये रुजू व्हावं. त्यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसरं मला पटत नाही, आणि का पटत नाही तेच या पत्रात सांगायचं आहे.

आधी जे खरं आहे ते. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा घे, ज्याखालच्या तक्रारीला आपण सगळे नुसतं ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजे अनुचित प्रथा) म्हणतो. तो अंमलात आला ८ सप्टेंबर १९७५ ला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत बाब ६ आहे: कामगारांना वर्षानुवर्षं बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी), नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून राबवायचं, आणि कायम कामगाराचा दर्जा व लाभ त्यांना मिळू नयेत हा त्यामागचा हेतू. कायद्याने हेतू सिद्ध करायला सांगितलं, पण तो कसा करायचा हे सांगितलं नाही. ‘यांना कायम करायचं नाही म्हणून मध्येच काही दिवस कामावरून ब्रेक देतो’ असं कोणता मालक फाइलवर लिहून ठेवेल?

याचं उत्तर निकालांनी दिलं. पुण्यात पाचगाव पर्वतीच्या टेकडीवर वनखात्याच्या योजनेत राबणाऱ्या मजुरांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला. पाच-सहा वर्षं सलग माणसाला तात्पुरतं ठेवलं, तर त्यातूनच हेतूचा निष्कर्ष काढता येतो, असं कोर्टाने मानलं. वनखातं म्हणजे सरकार, ते ‘उद्योग’ कसं होईल, हा बचावही तिथे टिकला नाही. त्या दिवसापासून बाब ६ चा पुरावा मालकाच्या मनात शोधायची गरज उरली नाही, तो मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मोजता येऊ लागला. कायद्याचा मजकूर एका अक्षरानेही बदलला नव्हता.

आपल्याकडे हायकोर्टाचं वजन आणखी एका कारणाने जास्त आहे. यूएलपीत लेबर कोर्टाच्या आदेशावर कलम ४४ खाली इंडस्ट्रियल कोर्टात रिव्हिजन आहे, पण त्याच्यापुढे अपील असं नाहीच. मग राहतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली हायकोर्टात याचिका करण्याचा रस्ता. तिथून दिल्लीला जाणं किती कामगारांना परवडतं? बहुतेकांसाठी हायकोर्ट बोललं की विषय संपला. आणि त्या एका निकालाचं बंधन गोंदियापासून सावंतवाडीपर्यंतच्या प्रत्येक लेबर कोर्टावर येतं. (गोवा त्याच हायकोर्टाखाली असला तरी १९७१ चा हा राज्याचा कायदा तिथे लागू नाही. पणजीच्या अशिलाला चुकून यूएलपी सुचवू नकोस.)

हे बंधन दोन्ही बाजूंनी काम करतं. एप्रिल २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितलं की सरकारी नोकरीत मागल्या दाराने आलेल्यांना कायम करण्याचा आदेश कोर्टांनी देऊ नये. त्यानंतर महापालिका, महामंडळं, नगरपरिषदा प्रत्येक यूएलपीत हाच निकाल पुढे करू लागल्या. एसटीच्या गाड्या धुणाऱ्या स्वच्छकांचं प्रकरण मुंबई हायकोर्टातून वर गेलं नसतं, तर बाब ६ सार्वजनिक क्षेत्रापुरती जवळपास मेलीच असती. २००९ मध्ये महामंडळाचं अपील फेटाळताना सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उमादेवीने या कायद्याखालचे लेबर व इंडस्ट्रियल कोर्टाचे अधिकार काढून घेतलेले नाहीत; मालकाने अनुचित प्रथा केली असेल तर ती कोर्टं कायम करण्याचा आदेश देऊ शकतात. त्याच निकालात, पदच नसेल तर ते निर्माण करणं कोर्टाचं काम नाही, असंही म्हटलं आहे. मालकाचा वकील नेमकं तेवढंच वाचून दाखवतो. तुला दोन्ही परिच्छेद पाठ हवेत.

मग २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे तिरोडा नगरपरिषदेचं प्रकरण आलं. आदर्श स्थायी आदेशांतल्या (नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांतल्या) ४-सी प्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले की कामगार कायम, असा आपला समज होता, आणि एकल न्यायमूर्तींचे निकाल दोन्ही बाजूंना होते. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की नगरपरिषदेत मंजूर रिक्त पद नसेल तर नुसत्या ४-सी वर कायमपणा मिळणार नाही. मला हा निकाल आजही जड जातो. वर्षानुवर्षं रोज लागणाऱ्या कामासाठी पद मंजूर करून घेणं ही प्रशासनाची जबाबदारी. ती त्याने पार पाडली नाही याची किंमत झाडू मारणाऱ्याने का द्यावी? पण मला पटो न पटो, विदर्भ-मराठवाड्यातल्या नगरपरिषदांच्या कामगारांचे खटले त्या दिवसापासून वेगळ्या रीतीने लिहावे लागले. पदांचा आकृतिबंध, रिक्त जागांची माहिती, नगरपरिषदेचे ठराव हे सगळं आता तक्रारीसोबतच यावं लागतं.

आणि कधी हायकोर्ट संसदेच्याही कितीतरी पुढे असतं. १९९७ साली मुंबई हायकोर्टापुढे एका सार्वजनिक महामंडळातल्या हंगामी कामगाराची याचिका आली. वैद्यकीय तपासणीत तो एचआयव्हीबाधित निघाला म्हणून त्याला काम नाकारलं होतं. त्या काळात या आजाराचं नाव काढायलाही लोक घाबरत. कोर्टाने त्याला ‘एमएक्स’ या अक्षरांमागे ठेवून याचिका चालवली आणि निर्णय दिला की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ बाधित आहे म्हणून त्याची रोजी काढून घेता येणार नाही. संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला २०१७ मध्ये. नोकरीतल्या भेदभावाला त्यात मनाई आहे, आणि कोर्टात ओळख लपवून खटला चालवण्याची तरतूदसुद्धा आहे. एका हंगामी कामगाराने जे वीस वर्षं आधी मिळवलं, ते देशाच्या कायद्यात आलं.

हे सगळं वाचून तू म्हणशील, मग माझंच बरोबर आहे ना? नाही. या प्रकरणांत वरच्या कोर्टांनी कशावर निकाल दिला ते बघ. मजुरांनी किती वर्षं काम केलं, हजेरी कोण घेत होतं, तपासणीत डॉक्टरने नेमकं काय लिहिलं. ‘एमएक्स’सारखी थेट आलेली याचिका विरळा, आणि तिथेही निकाल तपासणीच्या कागदांवरच लागला. यूएलपीत आणि रेफरन्समध्ये (सरकारने कोर्टाकडे सोपवलेल्या औद्योगिक विवादात) तर सगळे कागद खालच्या कोर्टात जमतात. २२७ मध्ये हायकोर्ट साक्षीदार बोलावत नाही, पुरावा नव्याने तोलत नाही. अधिकारक्षेत्र ओलांडलं का, निष्कर्ष पुराव्याशी पूर्ण विसंगत आहे का, कायद्याची उघड चूक आहे का, एवढंच बघतं. जे निशाणीवर, म्हणजे पुरावा म्हणून नोंदीवर, आलं नाही ते वर कितीही मोठ्या वकिलाने सांगितलं तरी उपयोग नाही. हायकोर्टाचा निकाल हे पीक असेल तर पेरणी लेबर कोर्टातल्या उलटतपासणीत होते.

२४० दिवसांचंच बघ. ते सिद्ध करण्याचं ओझं कामगारावर आहे, आणि नुसत्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर ते उतरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलं. पण नंतर असंही सांगितलं की कामगाराने साक्ष दिली, मालकाकडचं मस्टर हजर करण्याची मागणी केली आणि मालकाने ते आणलं नाही, तर कोर्ट मालकाविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. दोन निकालांमध्ये फरक आहे तो एका अर्जाचा. कागद हजर करण्याचा तो अर्ज वेळेवर देणारा वकील खटला वाचवतो, आणि तो अर्ज द्यायला हायकोर्टात जागा नसते.

मागच्या पगाराचंही तसंच. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली की कामावर परत घेणं आणि मागील पूर्ण वेतन हाच सामान्य नियम. कामगाराने आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढं म्हणावं, मग उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आता असे खटले तुझ्या पाहण्यात येतील जिथे हे एक वाक्य ना अर्जात आहे, ना साक्षीत. माणूस दहा वर्षांनी जिंकतो आणि दहा वर्षांचा पगार त्या न लिहिलेल्या वाक्यापायी जातो. मालक हायकोर्टात गेला की १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-बी खाली, खटला चालू असेपर्यंत शेवटचा पगार मागतानाही हेच प्रतिज्ञापत्र लागतं. अशील आठवण करून देणार नाही. त्याला माहीतच नसतं.

निकाल वाचण्याबद्दल थोडं. हेडनोट, म्हणजे निकालावर छापलेला सारांश, वाचून निकाल वाचला असं समजू नकोस. आधी वस्तुस्थिती वाच: आस्थापना कोणती, सरकारी की खाजगी, माणूस कशावर होता, वर्षं किती. मग खालच्या कोर्टाने काय ठरवलं होतं ते. कायद्याचा परिच्छेद सगळ्यात शेवटी. एकल न्यायमूर्ती, खंडपीठ की पूर्णपीठ हे पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेव, पुढे त्याला स्थगिती मिळाली का तेही. अंतरिम आदेश म्हणजे पायंडा नव्हे. आपल्या विरोधातला निकाल विरुद्ध बाजूच्या आधी आपणच कोर्टापुढे ठेवावा आणि आपल्या प्रकरणातले तथ्य कुठे वेगळं आहे ते दाखवावं. न्यायाधीशांचा विश्वास असाच बसतो.

आता तू पाठवलेलं कॅन्टीनचं प्रकरण. मुलं अकरा वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहेत, ठेकेदार तीनदा बदलले, मुलं तीच. तू यूएलपी दाखल करायच्या तयारीत आहेस. थांब. सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणातला २००१ चा निकाल आधी वाच. हायकोर्टाने तिथे युनियनच्या बाजूने दिलेला निर्णय सुप्रीम कोर्टाने फिरवला. मालक-नोकर हे नातंच मालक नाकारत असेल, आणि ते आधी कुठे मान्य वा सिद्ध झालेलं नसेल, तर यूएलपीत ते ठरवता येत नाही. ठेका दिखाऊ आहे हे आधी औद्योगिक विवाद म्हणून न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. हा रस्ता लांबचा वाटतो, पण मुंबई महापालिकेच्या २,७०० सफाई कामगारांनी तोच धरला. न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला, तो हायकोर्टात टिकला, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकला. चुकीच्या दारातून आत गेली असतीस तर सात-आठ वर्षांनी, दार चुकलं एवढंच कळलं असतं. कॅन्टीनची मुलं तेवढा वेळ थांबू शकत नाहीत.

जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या केंद्राच्या नव्या संहितांची तुला काळजी वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली, याचं मला खरोखर दुःख आहे. मधल्या आकाराच्या कितीतरी कारखान्यांतली माणसं त्यामुळे उघड्यावर आली. पर्यवेक्षकाला कामगार मानण्यासाठी पगाराची मर्यादा आता १८,००० आहे. रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत राज्याचा १९७१ चा कायदा मात्र नाही. तो नव्या संहितेशेजारी कसा नांदणार, हा प्रश्न हायकोर्टांपुढे जाणारच. जिथे जुनेच शब्द ठेवले आहेत तिथे जुने निकाल कामाला येतील. जिथे शब्द नवे आहेत तिथे पाटी कोरी आहे, आणि ती कोणत्या तथ्यांवर लिहिली जाईल हे येत्या चार-पाच वर्षांत कुठल्यातरी लेबर कोर्टात किंवा न्यायाधिकरणात ठरेल. म्हणून तू तिथे असावंस असं मला वाटतं. पैसे कमी मिळतील, तारखा फार पडतील. हायकोर्टात जायला तुझं सगळं आयुष्य आहे.

येत्या रविवारपर्यंत कॅन्टीनच्या प्रकरणातला कागद हजर करण्याच्या अर्जाचा मसुदा मला पाठव. त्यात तिन्ही ठेक्यांचे करार, ठेकेदारांची नोंदणी आणि परवाने, कारखान्याच्या गेटवरचं नोंद रजिस्टर, कॅन्टीन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, आणि भांडी-धान्याची बिलं कोणाच्या नावावर आहेत ते, एवढं तरी माग. प्रत्येक कागदापुढे महिना आणि वर्ष घाल. ‘सर्व संबंधित कागदपत्रं’ असं मोघम लिहिलंस तर अर्ज फेटाळला जाईल. मुलांकडून पीएफचे उतारे, ईएसआयची कार्डं आणि बँकेची पासबुकं आत्ताच जमव. ड्युटी लावणारा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यातलं काही पुसू नका म्हणून आजच त्यांना सांग, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कोण देणार तेही ठरवून ठेव. रजा कोण मंजूर करतं, चुकलं तर कोण ओरडतं, हे प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

तुझा,
सर