‘लिहिलंय, पण देणार नाही’

नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील माझ्यासमोर बसले की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येते : “मॅडम, येतं सगळं, पण वेळेवर लिहून देत नाही.” जून-जुलैत कोणाची फारशी तक्रार नसते. गणपती उठले की शाळेच्या डायरीत शेरे दिसू लागतात, सहामाहीच्या निकालाला पालकांना वर्गशिक्षकांकडून ऐकून घ्यावे लागते आणि दिवाळीची सुट्टी संपताना माझा फोन वाजू लागतो. साताऱ्यात समुपदेशन करायला लागून मला सोळा वर्षे झाली. पूर्वी ही तक्रार गणिताच्या गृहपाठाबद्दल असे, अलीकडे ती बहुतेक वेळा भाषेच्या साप्ताहिक असाइनमेंटबद्दल असते. येताना पालकांनी निदानही ठरवलेले असते. एक तर आळस, नाही तर मोबाइल. ही दोन्ही निदाने पुष्कळदा चुकतात आणि ती चुकली की घरातले उपायही चुकत जातात, म्हणून गेल्या वर्षीची एक हकीकत थोडी सविस्तर लिहीत आहे. मुलीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मृण्मयी म्हणू.

मृण्मयी नववीत होती. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी. राज्य मंडळाच्या इंग्रजीच्या लेखनकौशल्यात पत्र, भाषण, संवाद यांच्या जोडीला बातमीलेखनही असते, हे पालकांना ठाऊक असेलच. तिच्या शाळेने त्याच्या पुढे जाऊन आठवड्यातून एक तासिका पत्रकारितेसाठी ठेवली होती आणि त्यातून शाळेचे इंग्रजी भित्तिपत्रक निघत असे. त्यामुळे मुलांना दर शुक्रवारी इंग्रजीचे एक लेखन आणि दर सोमवारी एक बातमी द्यावी लागे. उपक्रम उत्तम होता, आजही माझे मत तेच आहे. पण दिवाळीपर्यंत मृण्मयीच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत मिळून चारच बरोबरच्या खुणा होत्या. रविवारी रात्री घरात रडारड, सोमवारी सकाळी पोटदुखी, असे चक्र सुरू झाले होते.

पहिल्या भेटीत आई बोलत होती आणि मुलगी खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत होती. मी तिची इंग्रजीची वही मागितली. मध्यावर पिना मारलेली शंभर पानी फुलस्केप वही. पुढची काही पाने नेटकी लिहिलेली, पुढे मधल्या घडीपाशी कागदाचे दातेरी तुकडे अडकून राहिलेले. आणि वही उचलताच मागच्या बाजूची कोरी पाने माझ्या मांडीवर गळून पडली. मी ती गोळा करून मोजली. एकोणीस भरली.

“ही कोरी पानं सुटली कशी गं?”

“पुढचं पान फाडलं की त्याच्या जोडीचं मागचं सुटतं.”

“पुढची का फाडलीस?”

“चांगलं झालं नव्हतं.”

“असं कोण म्हणालं?”

“कोणी नाही. दाखवलंच नाही ना कोणाला.”

आई गप्प झाली. लिहीत नाही म्हणून जिला चार महिने बोलणी बसत होती, त्या मुलीने एकोणीस वेळा लिहिले होते आणि एकोणीस वेळा फाडले होते. माझ्या अनुभवात ‘लिहून देत नाही’ या तक्रारीतली बरीच मुले लिहितात. ती देत नाहीत. या दोन क्रियापदांमध्ये जे काही घडते, तिथेच आपल्याला पाहायचे असते. म्हणून पालकांना माझे पहिले सांगणे असते की ‘का लिहिलं नाहीस’ असे विचारू नका, ‘कुठपर्यंत लिहिलं होतंस’ असे विचारा. उत्तर निराळेच येते.

दुसऱ्या भेटीला मृण्मयी एकटी आत आली. आहे तसा निबंध दिला तर काय होईल, एवढेच मी धरून ठेवले.

“मिस लाल रेघा मारतील.”

“मग?”

“मग शेजारची बघेल. सगळ्यांना कळेल.”

“काय कळेल?”

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “की मला इंग्रजीत सुचत नाही. मी आधी मराठीतून विचार करते.”

ही गोष्ट तिने एखादा गुन्हा कबूल करावा तशी सांगितली. मी ज्या परंपरेत शिकले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचाराची. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाकडे आपण जी हटवादी मागणी लावतो ती आपल्याला अधिक छळते, हे त्याचे सार. मृण्मयीची मागणी उघड होती : माझे लेखन निर्दोष असलेच पाहिजे, नाही तर मी कामाचीच नाही. मी तिला हे उदाहरणे देऊन समजावले. तिने मान डोलावली, वहीत दोन ओळी टिपूनही घेतल्या, आणि त्या आठवड्यात पुन्हा काहीच दिले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला पटणे आणि तिच्या हाताला पटणे यांत अंतर असते, हे मला आधीच लक्षात यायला हवे होते.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी टेबलावर एका स्थानिक दैनिकाचा ताजा अंक पडलेला होता. मी तो तिच्यापुढे सरकवला आणि पहिल्या पानावरच्या चुका शोधायला सांगितल्या. तिने कंपासपेटीतून पेन्सिल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि दहा मिनिटांत चार जागी गोल केले : एका पाहुण्यांचे आडनाव मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरे, एक ओळ दोनदा आलेली, एका शब्दाचा काना गळालेला, एका छायाचित्राखाली भलत्याच कार्यक्रमाची ओळ. तिची नजर किती तीक्ष्ण आहे हे त्या दिवशी कळले. याच नजरेने ती स्वतःचे प्रत्येक वाक्य पाहत होती, हेही कळले.

“चार चुका आहेत. मग यांनी आज अंक काढायलाच नको होता, नाही?”

ती हसली नाही. पेन्सिल तशीच हातात धरून तिने विचार केला आणि म्हणाली, “मग सकाळी आजोबांना काय मिळालं असतं?”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावे, हे मी मोठ्या कष्टाने शिकले आहे. ती आपणहून पुढे बोलू लागली. आजोबा सहाला उठून ओसरीवर बसतात, पेपर टाकणारा मुलगा उशिरा आला तर दोनदा फाटकापर्यंत जाऊन येतात, भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि चुका दिसल्या तर “काय रे हे” म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट बघतातच. सांगता सांगता ती थांबली आणि तिने विचारले, “मॅडम, माझ्या असाइनमेंटची कोण वाट बघतं?”

हा प्रश्न मी तिला विचारायला हवा होता, तो तिने मला विचारला. त्या रात्री मी बराच वेळ त्याच विचारात होते. आपल्या मुलांच्या शालेय लेखनाला तपासनीस असतो, वाचक नसतो. जो मजकूर केवळ तपासण्यासाठी लिहिला जातो, तो लिहिताना मूल स्वतःच आधी तपासनीस होते आणि हळवे, चोखंदळ मूल त्या तपासणीत स्वतःला नापास करून पान फाडते. कोणी वाट बघत असेल तर मात्र हाताला घाई सुटते. बातमी वेळेवर गेली पाहिजे, चूक राहिली तर उद्या दुरुस्ती छापता येते, पण कोरा अंक छापता येत नाही. पत्रकारितेच्या धंद्यात रोज पाळली जाणारी ही साधी रीत मला जे पटवता आले नाही ते पटवून गेली. तोवर साप्ताहिक असाइनमेंट हे मृण्मयीच्या आजाराचे कारण आहे असे मी मानत होते. नीट वापरली तर तीच तिचे औषध होती, कारण आठवड्याला पुढचा आठवडा असतो.

पुढचा मार्गही तिनेच काढला. जानेवारी जवळ आला होता आणि ६ जानेवारीच्या पत्रकारदिनाची शाळेत तयारी चालली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे, हे तिला वर्गात सांगितले होते. मी त्यात भर घातली की आपल्याच जिल्ह्यातल्या, कराडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेला ‘सुधारक’ही मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत निघे आणि त्याचा इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत, त्याआधी १८८१ पासून दर मंगळवारी निघणाऱ्या ‘केसरी’चे पहिले संपादकही आगरकरच. ती म्हणाली, “म्हणजे मराठी शेजारी ठेवून इंग्रजी लिहिलं तर चालतं?” आणि समोरचा फुलस्केप कागद तिने उभा दुमडला.

तिची त्या वेळची बातमी गल्लीतल्या पाण्याची होती. डाव्या रकान्यात तिने दहा मिनिटांत मराठी लिहून काढले : नळाला पाणी पहाटे पावणेपाचला येते, कोपऱ्यावरच्या घराने मोटार लावली की पुढच्या सहा घरांची धार बारीक होते, म्हणून तिची आजी पाच वाजता कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे, हे सहाही ‘क’ त्यात होते, फक्त क्रम उलटसुलट होता. महत्त्वाचे आधी आणि बारीकसारीक मागून, ही बातमीची रीत तिला वर्गात शिकवलेलीच होती; तिने वाक्यांना क्रमांक दिले आणि त्या क्रमाने उजवीकडे इंग्रजी उतरवले. इंग्रजीत काळाच्या दोन चुका होत्या, त्या मला दिसल्या आणि मी तशाच राहू दिल्या. तो कागद सोमवारी गेला.

आता आईवडिलांसाठी थोडे. मृण्मयीची आई सुशिक्षित आणि कष्टाळू, मुलीचा प्रत्येक कच्चा मजकूर शाळेत जाण्याआधी ती तपासत असे. हेतू चांगलाच. पण शाळेतल्या लाल रेघांआधी घरातल्या रेघा पडत होत्या. मी तिला हे सांगितले तेव्हा तिने दुखावलेल्या स्वरात विचारले, “मग मी बघायचंच नाही का, मॅडम?”

“जरूर बघा. फक्त पेन खाली ठेवून बघा.”

मजकूर वाचून झाल्यावर त्यातल्या मजकुराबद्दलच बोलावे. पाण्याबद्दल लिहिले असेल तर ‘मग त्या कोपऱ्यावरच्या घरातले काय म्हणाले’ असे विचारावे. शुद्धलेखन शिक्षकांवर सोपवावे. असाइनमेंट ज्या दिवशी मिळते त्याच दिवशी वीस मिनिटे कच्चा खर्डा आणि मध्ये एक रात्र गेल्यावर पक्की प्रत, एवढी विभागणी पुष्कळ घरांतली रविवार रात्रीची रडारड थांबवते. खर्ड्याचे पान फाडायचे नाही, आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहायचे, हा नियम मात्र मी कडक ठेवते. मोबाइलवरून तयार निबंध उतरवून देणारी मुलेही याच भीतीची असतात असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याचे निर्दोष वाक्य त्यांना स्वतःच्या सदोष वाक्यापेक्षा सुरक्षित वाटते. त्यांना रागावण्याआधी त्यांच्याकडून तोच विषय तोंडी, मराठीत ऐकून घ्यावा.

शिक्षकांना मी एकच विनंती करते. दर आठवड्याला सगळ्या चुकांवर लाल पेन चालवण्याऐवजी एका आठवड्याला एकाच प्रकारची चूक तपासावी आणि ती कोणती हे मुलांना आधी सांगावे. मृण्मयीच्या मिसनी हे मोकळेपणाने मान्य केले, याचे मला फार समाधान आहे.

मात्र प्रत्येक न दिलेल्या असाइनमेंटमागे हीच गोष्ट असते असे समजू नये. मूल तोंडी उत्तम सांगते पण अक्षरे गाळते, उलटी लिहिते, फळ्यावरचे उतरवतानाही मागे पडते, असे दिसल्यास अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेतही सवलती मिळतात. झोप, भूक, खेळ यांवरूनच मन उडाले असेल तर प्रश्न असाइनमेंटचा राहत नाही आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला वेळ लावू नये.

मृण्मयी वार्षिक परीक्षेपर्यंत माझ्याकडे अधूनमधून येत राहिली. मार्चमध्ये एका सोमवारी तिने उजवा रकाना निम्मा कोरा असलेला कागद तसाच दिला आणि खाली लिहिले की उरलेला मजकूर बुधवारी देईन; बुधवारी तो दिलाही. पाण्याची बातमी भित्तिपत्रकावर लागली तेव्हा तिच्यात गल्लीचे नाव चुकले होते, आणि पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून दोन ओळींची दुरुस्ती लावून घेतली. डावा रकाना ती आता आधी आजोबांना देते. शेवटच्या भेटीत तिने सांगितले की परीक्षेसाठी असाइनमेंट बंद झाल्या, तेव्हा शनिवारी आजोबांनी भिंग पुसत विचारले होते, “ह्या आठवड्याचं कुठाय गं?”